गच्चीवरचं इन्स्पेक्शन

मोठा साहेब पाहणीला येणार असेल, तर खराब माल त्याच्या नजरेस पडता कामा नये, हा सृष्टीचा मूळ नियम आहे. रामाजींनी तो रोलिंग मिलच्या नोकरीत आयुष्यभर पाळला आणि रिटायर झाल्यावर एकदाच पाळला. त्या एकदाच्यानं त्यांच्या लेकीची, गुंजनची, पीएचडी मागे पडली.

गुंजन धानाच्या जनुकांवर संशोधन करत होती. रायपूरच्या विद्यापीठातलं जाळीघर वादळात आडवं झालं, म्हणून तिनं रोपं रिसालीला, आईबाबांच्या घराच्या गच्चीवर आणून ठेवली होती. पेंटच्या रिकाम्या बादल्या आणि त्यांत धान. बहुतेक रोपं कंबरेएवढी, हिरवीगार. मधूनमधून काही मात्र वीतभर उंचीची, रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखी पिवळी. रामाजी मूळचे भंडाऱ्याकडच्या कास्तकाराच्या घरचे. रोज पाणी घालताना ती खुजी रोपं पाहून त्यांना लेकीची दया येई. एवढी शिकली, पण पोरीला चार बादल्या धान काही साधत नाही! विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण बापानं लेकीला काय विचारायचं, आणि तेही धानाबद्दल?

शनिवारी तिचा रायपूरहून फोन आला. उद्या गाइड मॅडमला घेऊन घरी येते, आईला सांगून ठेवा म्हणाली. रामाजींनी फोन ठेवला आणि बाह्या वर सारल्या. मॅडम म्हणजे मोठा साहेब. घरी म्हणजे गच्ची. म्हणजे इन्स्पेक्शन!

त्यांच्या पत्नी मथुराबाई म्हणत राहिल्या, चहा तरी पिऊन घ्या. तेवढी सवड कुणाला होती? जिन्याला चुना लागला, कठड्याला गेरू लागला. मग रामाजींनी खुजं रोप न् रोप उपटलं आणि स्कूटरवर बसून मिलमधल्या जुन्या जोडीदाराच्या, तेजरामच्या शेतावर गेले. तिथून उंच, टवटवीत रोपं मुळाच्या मातीसकट आणून त्याच बादल्यांत बसवली. उपटलेली जुडी तेजरामच्या म्हशीपुढे टाकली. म्हशीनंही कामात हयगय केली नाही. संध्याकाळी गच्ची अशी दिसत होती, की जणू बादल्यांनी गणवेश घातला आहे.

रविवारी गाडी थांबली तेव्हा रामाजी फाटकाशीच उभे होते. मॅडमनी चपला काढल्या न काढल्या, तोच त्यांनी जिना दाखवला. मॅडमचे गुडघे दुखत होते, त्या नको नको म्हणत होत्या. रामाजींना तो मोठ्या साहेबाचा विनय वाटला. वर पोचल्यावर मॅडम कठड्याला धरून दम घेत राहिल्या. मग त्यांनी बादल्यांवरून नजर फिरवली.

“ड्वार्फवाले किधर हैं, गुंजन?”

उत्तर रामाजींनीच दिलं. “एक भी नहीं, मॅडम. झीरो डिफेक्ट.”

गुंजन बादलीशी खाली बसली. बराच वेळ मातीत बोटं घालून पाहत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “मले तेच पायजे होते.”

त्या खुज्या रोपांत एक जीन बिघडला होता. तो कोणता, हे शोधायचं म्हणजेच तिची पीएचडी. उंच धान नुसतं तुलनेपुरतं. खुज्यांचं बी अजून धरायचं होतं. हे सगळं तिनं न रडता सांगितलं, म्हणून रामाजींना ते जास्तच लागलं.

मॅडम गेल्या आणि रामाजीही कुठंसे गेले. दुपार कलल्यावर परतले ते हातात झाकलेली बादली घेऊन.

“हे काय आनलं बाबा?”

“तेजरामच्या म्हशीचं शेन. टीव्हीवर सांगतेत, एका केसातून डीएनए निघते. यातून नाही निघनार?”

गुंजननं झाकण उचललं आणि परत ठेवलं. “निघन ना. म्हशीचा निघन.”

बापलेक जिन्याच्या पायरीवर बसले. मूळ बी थोडं विद्यापीठात शिल्लक होतं, पण पेरणी आता पुढच्या खरिपात. वर्ष गेलं. हे उंच कावून, ते खुजं कावून, असं रामाजींनी आता विचारलं. तिनं समजावून सांगितलं, त्यांना अर्धं कळलं. हे अर्धं काल कळलं असतं तरी भागलं असतं.

“मॅडम पाहाले येते म्हून केलं बेटा,” ते जमिनीकडे पाहत म्हणाले. “तुई इज्जत जाईन असं वाटलं.”

“पाहाले नव्हत्या आल्या त्या. त्यायले आईच्या हातचं लोणचं पायजे होतं.”

लोणचं द्यायचं राहूनच गेलं होतं.