इतर कारणांस्तव

चेक न वटणं ही क्षुल्लक बाब आहे. तो वटला नाही हे सिद्ध करणं ही मात्र संस्कृतीची कसोटी आहे. कवळ्या बनवणाऱ्या आपल्या कारागिराला हे कुठलं ठाऊक! तो बिचारा समजत होता, पैसे मिळाले नाहीत म्हणजे नाहीत मिळाले.

माजी अध्यक्षांना त्याने वरखाली पूर्ण कवळी बसवून दिली. (कशाचे अध्यक्ष, हे विचारायची पद्धत नाही.) त्यांनी चेक दिला, याने बँकेत भरला, तो परत आला. इकडे दातांचं सामान पुरवणाऱ्याने महिनाअखेरची मुदत दिलेली. नाहीतर उधारी बंद, म्हणजे दुकानच बंद. कारागीर कोर्टात गेला.

कोर्टाने बँकेची चिठ्ठी मागितली. चेक परत करताना बँक अशी छापील चिठ्ठी देते. तीत कारणं असतात आणि लागू कारणापुढे खूण करतात. पहिलंच कारण 'शिल्लक अपुरी'. पण कारकुनाने खूण केली होती शेवटी, 'इतर'पुढे. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर 'अपुरी'ची खूण करायला त्याचा हात धजेना. अशा सुसंस्कृत माणसांमुळेच बँका टिकून आहेत.

कारागीर मॅनेजरकडे गेला.

"साहेब, चेक परत का आला?"

"खात्यात पैसे नव्हते."

"मग तेवढं लिहून द्या."

"वा! ग्राहकाची शिल्लक गुप्त असते."

"अहो, आत्ताच सांगितलीत की!"

"सांगितली. लिहून दिली का?"

कोर्टात अध्यक्ष प्रसन्न हसले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात चमकले (अक्कलदाढा कवळीत बसवत नाहीत). कोर्टाने त्यांना खुर्ची देववली आणि निकाल दिला: पैसे मिळाले नाहीत हे खरं, पण ते शिल्लक नसल्याने नाकारले गेले याला पुरावा नाही, बँक कदाचित अजून विचार करत असेल.

घरी बायको कडाडली, "जळला मेला तो निकाल! बाहेर गाठून कवळी परत मागायची होतीत!"

"चारचौघांत? त्यांच्या तोंडातली?" कारागीर शरमला. "उलट त्यांनीच हाक मारली. दाढ टोचते म्हणाले. घासून दिली."

"फुकट?"

"छे! फुकट नको म्हणाले. चेक दिलाय."

महिनाअखेरीस दुकानाला कुलूप लागलं. तुम्ही हसताय? हसा. तुमचे पैसे बुडवलेला तो गृहस्थ परवा जिन्यात भेटला, तेव्हा "काय, तब्येत बरी ना?" असं अदबीने विचारून भिंतीला चिकटून त्याला वाट कोणी करून दिली होती?