रिकामा डबा

सारजाबाईंनी झाकण उघडून बुंदी बघितली, डब्याच्या पोटावरचं नाव वाचलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

"अवं, हा आपला डबा न्हाई!"

मारुतराव गाईंना पेंड घालून नुकतेच ओट्यावर टेकले होते. "डबा तो डबा. आत बुंदी हाय ना?"

झालं! नवऱ्यानं बायकोपुढं काय काय बोलू नये, याची यादी केली तर हे वाक्य पहिल्या पाचात यायचं. सारजाबाईंच्या डब्यावर 'विठाबाई' असं नाव घातलेलं होतं. विठाबाई म्हणजे त्यांची आई. लेकीला भेटायला न्हावऱ्याला येताना ती दर खेपेला त्याच डब्यात काहीबाही भरून आणायची. शेवटच्या खेपेला सांजोऱ्या आणल्या, डबा इथंच राहिला आणि तीन आठवड्यांत ती गेली. आईची म्हणून घरात तेवढीच एक वस्तू होती. ती काल शिरूरच्या लग्नात, उरलेली बुंदी वाटून घेण्याच्या धांदलीत बदलली. हाती आलेल्या डब्यावर नाव होतं, सौ. धुरपदा हरिबा, उंबरदरा.

उंबरदरा हे नवरीकडचं गाव. घोडनदी ज्या डोंगरांतून निघते तिकडचं, तीन एसट्या बदलून जायचं. नंबर मिळवून फोन लावला, पण तिकडं रेंज नावालाच. "या की, या!" एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला.

सारजाबाईंनी धुरपदाबाईंच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरले. "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ न्हाई," त्यांनी सुनेला, मोनालीला, शंभराव्यांदा सांगितलं. मोनालीनं मान हलवली. ही मान पुढं किती महागात पडणार होती, ते तेव्हा कुणाला ठाऊक!

वैशाखातलं ऊन डोक्यावर घेत दोघं उंबरदऱ्याला पोचली. धुरपदाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि मग कपाळावर हात मारला.

"आक्का, त्यावर विठाबाई लिव्हलेलं. आमच्या वरल्या आळीची विठाबाई बी लग्नाला हुती. मला वाटलं तिचाच! दिला की नेऊन."

"मग तिच्याकडं जाऊ."

"ती गेली मुंबईला. लेक बाळंत झालीया. डिंकाचं लाडू भरून डबा संगंच नेला. झाकन लई घट हाय म्हनली."

सारजाबाई कसनुशा हसल्या. निघताना धुरपदाबाईंनी आपला डबा करवंदांनी गच्च भरून त्यांच्या पिशवीत कोंबला. "रिकाम्या हातानं कसं जाशाल?"

म्हणजे जो डबा द्यायला गेली होती, तोच घेऊन दोघं घरी आली.

दुसरी खेप श्रावणात. धुकं एवढं, की गाव कुठंय ते कंडक्टरनं सांगितलं म्हणून कळलं. मारुतराव एसटीतून उतरले ते थेट चिखलात बसले. धुरपदाबाईंच्या नवऱ्यानं, हरिबांनी, त्यांना उचललं, आपलं कोरडं धोतर दिलं आणि चुलीपुढं बसवलं.

"पाव्हणं, तुम्ही तिकडं घोडनदीचं पानी पिता ना? हितलंच हाय ते. आम्ही पाय धुतल्यालं."

"तरीच म्हनलं, उसाला एवढी चव कशी!"

दोघं चांगले तासभर खिदळले. इकडं वरल्या आळीच्या विठाबाई मुंबईहून परतल्या होत्या, पण डबा लेकीकडंच ठेवून. "दिवाळीला येनार हाय ती, तवा आनंल," असं म्हणून त्यांनी ओशाळून बादलीभर तांदूळ दिले. धुरपदाबाईंचा डबाही पुन्हा भरूनच परत आला, म्हणजे आता न्हावऱ्यात परगावची दोन भांडी झाली.

"आता डबा बिबा काय मिळत न्हाई," घरी येताच मारुतराव गुडघ्याला तेल चोळत गरजले. "त्या डोंगरात पुन्यांदा पाय ठेवीन तर नाव सांगनार न्हाई!"

पौषात मात्र मफलर गुंडाळून तेच आधी तयार होते. पिशवीत हरिबांसाठी नव्या गुळाची ढेपही होती. "गेलोच हाय तर न्यावी," म्हणाले. 

उंबरदऱ्यात थंडीनं दातावर दात वाजत होते. दोघांना बघताच धुरपदाबाईंनी पुन्हा कपाळावर हात मारला. त्या कपाळाची आता दया येऊ लागली होती.

"आवो, फोन लागंना म्हनून सकाळीच डबा धाडला की! ह्यांचा भाऊ टेम्पो घिऊन शिरूरला कांदा आनाय गेला. म्हनलं, न्हावऱ्याला देऊन ये."

डबा घरी गेला! सारजाबाईंना चहा गोड लागला. दोन्ही भांडी भरलेली दिली आणि नाही नाही म्हणत दोन्ही परत भरून घेतली. घरी पोचताच त्या चप्पलही न काढता आत शिरल्या.

"मोनाली, डबा आला का गं?"

"आला ना, आई! उंबरदऱ्याच्या विठाबाईंचा. टेम्पोवाले थांबले होते, तेवढ्यात मी शेंगदाण्याची चटणी भरून त्यांच्याकडंच परत दिला. रिकामं भांडं द्यायचं नसतं ना!"

आठ महिने घरात 'विठाबाईकडं डबा, विठाबाईकडं डबा' एवढंच ऐकलेली पोर ती. तिच्यावर तरी कसं ओरडायचं? मारुतराव हसून हसून ठसका लागून खांबाला धरून उभे राहिले. सारजाबाईंना मात्र रडूच फुटलं.

"आईचा हात फिरला हाय त्याच्यावरनं," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्याच दारातनं परत गेला."

मारुतरावांचं हसू तिथंच विरलं. "आनू आपन," ते हळूच म्हणाले. "शाळंत तीन ऋतू शिकविलं हुतं. चौथा तुझ्या डब्याचा. अजून एक खेप करू."

चैत्रात डोंगराला नवी पालवी फुटली होती. या वेळी धुरपदाबाईंनी कपाळाला हात लावला नाही. कमरेची किल्ली काढून ट्रंक उघडली. "घरात कुनाला हात लावू दिला न्हाई, आक्का."

सारजाबाईंनी नावावरून बोट फिरवलं. एक बारका पोचा आला होता, बाकी डबा होता तसा होता. धुरपदाबाईंनी त्यात कुरडया भरल्या. नेलेली दोन्ही भांडी या वेळी ज्यांची त्यांच्याकडं राहिली. सगळा हिशेब मिटला.

"झालं म्हंजी काम," हरिबा म्हणाले. "आता कशाला येताय तुम्ही हिकडं?"

मारुतराव चपला शोधू लागले. एसटी यायच्या वेळी मात्र "तांब्याभर पानी पिऊन येतो" म्हणून ते एकदा स्वयंपाकघरात जाऊन आले. परतीच्या वाटेवर सारजाबाई मांडीवर डबा घेऊन खुशीत होत्या. मारुतराव खिडकीतून मागं पडणारे डोंगर बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाईंनी पिशवी झटकायला घेतली तर तळाला आणखी एक डबा लागला. सौ. धुरपदा हरिबा, उंबरदरा.

"अवं, ह्यो कसा आला?"

"त्यांनीच घातला आसंल गडबडीत," मारुतराव गोठ्यातून म्हणाले.

सारजाबाईंनी झाकण उघडलं. आत काही नव्हतं. करवंद नाही, तांदळाचा दाणा नाही. डबा घासूनपुसून कोरडा, जसा फळीवर पालथा असावा तसा. वर्षभरात धुरपदाबाईंच्या हातून रिकामं भांडं बाहेर पडलं नव्हतं, आणि या जन्मी पडणारही नव्हतं.

"त्यांनी घातला? आन् रिकामा?"

मारुतराव गाईची पाठ अशी खाजवू लागले, की गाईनंही मान वळवून बघितलं.

सारजाबाईंनी डबा आईच्या डब्याशेजारी ठेवला. हसू दाबत त्यांनी सुनेला हाक मारली, "मोनाली, शेंगदानं भाजाय घे गं. दुसऱ्याचं भांडं हाय, भरूनच द्याया लागंल." मग त्या गोठ्याकडं वळल्या. पुढचं काही विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात गाईच्या आडून आवाज आला,

"सहाची गाडी हाय उद्या."