कायद्यात बसणारा चाकू

माणूस आणि जनावर यांतला खरा फरक खिशाचा आहे. जनावराला नखं, सुळे, शिंगं सगळं आहे, पण ते त्याला जन्मभर उघड्यावर मिरवावं लागतं. माणसानं आपलं नख घडी घालून खिशात ठेवलं आणि तिथून संस्कृती सुरू झाली. हा विचार माझा स्वतःचा आहे. तो मला सुचला तेव्हा माझ्या खिशात एक कंगवा होता. केस जाऊन आठ वर्षं झाली होती.

विचार सुचायला निमित्त झालं एका पार्सलचं. मी वजन-मापे तपासणी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. दुकानदारांचे तराजू, काटे, मापं, पट्ट्या आमच्याकडे येतात, आम्ही त्या तपासतो आणि शिक्का मारतो. एके सकाळी साहेबांच्या नावे एक पार्सल आलं. चिकटपट्टी अशी गुंडाळलेली, की पाठवणाऱ्याला ते पोचावं पण उघडू नये असंच वाटत असावं. साहेब म्हणाले, "जरा उघडा हो."

मी नखांनी पाहिलं, किल्लीनं पाहिलं, शेवटी दात लावले. पट्टी निघाली नाही, दाढेतलं सिमेंट निघालं. तेवढ्यात आवक-जावकच्या बाई आल्या. त्यांनी पदराची नव्हे, फायलीची टाचणी काढली, पट्टीच्या कडेखाली घातली, सर्रकन ओढली आणि पार्सल उघडून परत गेल्या. आत कुंडीसकट निवडुंग होता. साहेबांना नवा छंद लागला होता.

साहेबांनी आधी निवडुंगाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. दोन्हींत त्यांना निवडुंग बरा वाटला, हे स्पष्ट दिसलं.

आणि नेमकी उपअधीक्षकाची जागा रिकामी! शिफारस साहेबांनी करायची, पुढच्या शुक्रवारी. शर्यतीत दोघंच: मी आणि या बाई. एकवीस वर्षं मी त्या खुर्चीकडे बघत आलो होतो आणि आता ती एका टाचणीपायी जाणार? छे! टाचणी हे काय अवजार झालं? मी ठरवलं, चाकू घ्यायचा. घडीचा. खिशातला. गरज पडेल तिथे शांतपणे काढायचा, काम करायचं, मिटवायचा. साहेब म्हणतील, हा माणूस तयारीचा आहे.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "घडीचा चाकू? घडीचं काही तुम्हाला जमतं का? अंथरुणाची घडी अजून मी घालते."

"चाकू आपोआप मिटतो."

"तुम्हीही मिटा जरा. आणि माझ्या भावाला विचारल्याशिवाय काही आणू नका."

तिचा भाऊ वकील आहे. तो अशिलांपेक्षा नातेवाइकांना जास्त सल्ले देतो, कारण नातेवाईक उठून जात नाहीत. त्यानं चष्मा पुसला.

"भाऊजी, चाकू आवडला की नाही हा प्रश्नच नाही. कायद्यात बसला पाहिजे. पातं साडेसात सेंटिमीटरच्या आत. बटण दाबून फटकन उघडणारं नको. उघडल्यावर खिट्टी लागून अडकणारं नको. आणि मुख्य म्हणजे हेतू!"

"सफरचंद कापायचा हेतू आहे."

"तोंडी सांगून कोण ऐकतो? प्रत्येक वापराची लेखी नोंद ठेवा. तारीख, वेळ, काम. कुणी हटकलं की वही पुढे करायची. भाऊजी, लेखी पुराव्यापुढे कुणाचं काही चालत नाही!"

मी त्याच संध्याकाळी वही आणली आणि हे वाक्य तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

दुकानदारानं काचेवर मखमल पसरली आणि तिच्यावर एकेक चाकू मांडला. पहिला पाहूनच मला घाम फुटला. त्यानं रेड्याचं ऑपरेशन करता आलं असतं.

"लहान दाखवा."

"हा घ्या. एका हातानं उघडतो."

"एका हातानं उघडणारा नको. दोन हात लागले पाहिजेत. तीन लागले तर उत्तम."

"हा बघा, काय धार आहे!"

"याहून कमी धारेचा आहे का?"

दुकानदारानं मखमल गुंडाळायला घेतली. "चमचे शेजारच्या दुकानात मिळतील."

शेवटी एक मिळाला. शेंदरी मुठीचा, एकच पातं, आणि मुठीच्या टोकाला खोचलेला काडीपेटीतल्या काडीएवढा चिमटा. मी खिशातून कार्यालयाची शिक्क्याची पट्टी काढून पातं मोजलं. सात पूर्णांक चार. दुकानदार म्हणाला, "साहेब, आजवर गिऱ्हाईक धार बघायचं. मोजणारे तुम्ही पहिले."

सोमवारी कार्यालयाच्या दारात फौजीनं अडवलं. फौजी म्हणजे आमचा दरवान; सैन्यातून निवृत्त, मिशांतून नाही. मी वही पुढे केली, कायदा सांगितला. त्यानं चाकू हातात घेतला आणि पाच मिनिटांत सगळं कार्यालय भोवती जमलं. मोजमापाच्या खात्यात एक पातं आलंय आणि ते मोजायचं नाही, हे कसं शक्य आहे? एकानं मुठीपासून मोजलं: सात पूर्णांक सहा. दुसऱ्यानं खाचेपासून मोजलं: सात पूर्णांक तीन. तिसऱ्यानं विचारलं, "टोकासकट की टोकाविना?" यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाद चालला. दोन दुकानदार तराजू घेऊन बाहेर ताटकळत होते. अखेर सर्वानुमते सात पूर्णांक चार ठरले, टोकासकट. फौजी म्हणाला, "ठीक. पण ही वही रोज सकाळी मला दाखवायची. मी सही करणार."

मला आनंदच झाला. नोंदीवर प्रतिस्वाक्षरी!

नोंदी मी आमच्या खात्याच्या शिस्तीत केल्या. म्हणजे फापटपसारा नाही. बाईंच्या ओळखपत्राची नाडी कपाटाच्या बिजागरीत अडकली आणि त्यांना मान वळवता येईना, तेव्हा मी ती कापली. नोंद: 'सोमवार, ३.४०. आवक-जावकच्या बाईंचा गळा मोकळा केला.' फौजीनं सही केली आणि विचारलं, "बाई गातात वाटतं?"

मंगळवारी सफरचंद कापलं, अर्धं साहेबांना दिलं. साहेब म्हणाले, "वा! चाकू बाळगता?" खुर्ची मला चार बोटांवर दिसू लागली.

बुधवारी दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. उभे होते. चेहरा असा, की जणू डोळ्यांदेखत कुणी खोटं वजन वापरतंय आणि यांना शिट्टी वाजवता येत नाही.

"दार लावा. तुमच्या त्या चाकूला चिमटा आहे म्हणे?"

"आहे ना साहेब! काय काढायचंय?"

"काटा. शिपायानं टेबल पुसायला म्हणून निवडुंगाची कुंडी खुर्चीवर ठेवली. मी फाईल वाचत वाचत आलो आणि..."

"कुठे रुतलाय?"

"खुर्चीवर माणूस काय टेकतो?"

"अरेरे!"

"हळू! हे जन्मात कुणाला कळता कामा नये. काय? शुक्रवारी शिफारस जायची आहे. लक्षात आहे ना?"

"साहेब, मी थडग्यासारखा गप्प राहीन."

मी चिमटा काढला, साहेब टेबलावर ओणवे होऊ लागले आणि दारावर थाप पडली. भाजीवाल्यांच्या संघटनेचं शिष्टमंडळ! साहेबांनी त्यांच्याशी तासभर उभ्यानं चर्चा केली. शिष्टमंडळ भारावून गेलं. आपल्यासाठी कुठला अधिकारी इतका वेळ उभा राहतो? मला मात्र डोळ्यांनी खूण झाली: उद्या. मी जागेवर आलो आणि नियमाप्रमाणे नोंद केली.

गुरुवारी सकाळी फौजीनं वही उघडली, ओठ हलवत वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"हे काय लिहिलंय?"

"कालची नोंद."

"'साहेबांचा काटा काढायचा होता. लोक असल्याने जमले नाही.'"

"हो ना, नेमके भाजीवाले आले."

"'उद्या जेवणाच्या सुट्टीत, दार आतून लावून.'"

"तेव्हा निवांत असतं."

"'साहेब ओरडणार नाहीत असे पाहावे.'"

"थोडं दुखणारच हो. पण एका झटक्यात उरकून टाकतो. करा सही!"

फौजीनं सही केली नाही. त्यानं माझा हात पाठीमागे अशा कोनात नेला, की त्या कोनाचं माप आमच्याही कार्यालयात नसेल. चाकू काढून घेतला, मला स्टुलावर बसवलं आणि पोलिसांना फोन लावला.

आता यात माझी चूक एवढीच, की आमच्या कार्यालयात 'काटा' हा शब्द दिवसातून दोनशे वेळा उच्चारला जातो. काटा आला, काटा गेला, काटा अडकला. 'काटा काढा' म्हणजे कपाटातून वजनकाटा बाहेर काढा! इतकी वर्षं हे ऐकून ऐकून बाकीचं जग काटा काढतं म्हणजे नक्की काय करतं, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

गलका ऐकून आवक-जावकच्या बाई आल्या. "काय चाललंय?"

"यांना काटा काढायचाय," फौजी म्हणाला.

"मग माझ्याकडे जावक नोंद नको? कुठला काढायचाय, पाच किलोचा की दहाचा?"

"साहेबांचा!"

बाईंनी रजिस्टर छातीशी धरलं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला!

"वजनकाटा हो!" मी ओरडलो. "साहेबांचा वजनकाटा!"

"साहेबांकडे वजनकाटा नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या वहीत नाही म्हणजे कार्यालयात नाही."

"आणि ओरडणार कोण?" फौजीनं विचारलं. "वजनकाटा?"

खरं सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर साहेबांची अब्रू गेली असती, अब्रूबरोबर शिफारस, आणि शिफारशीबरोबर खुर्ची. मी मेहुण्याला फोन केला.

"भाऊजी! तुम्ही हे लेखी दिलंत?"

"तूच म्हणालास ना, हेतू लिहा!"

"हेतू लिहा म्हटलं, कबुलीजबाब नाही! आता तोंडातून अक्षर काढू नका. आणि ताईला यातलं काही कळणार नाही, काळजी करू नका."

दुसऱ्या मिनिटाला बायकोचा फोन. "कांदा चिरताना बोट कापून घेता आणि माणसं मारायला निघालात?"

"अगं, तसं नाही..."

"डबा नेलाय का? तिकडे आत जेवण कसलं देतात कोण जाणे!"

हवालदार आले. त्यांनी चाकू पाहिला, मोजायला पट्टी मागितली आणि नऊ पट्ट्या पुढे आल्या. सात पूर्णांक चार. "कायद्यात बसतो," हवालदार नाराजीनं म्हणाले, चाकू पाकिटात टाकला आणि आमच्याच कार्यालयाची लाख वापरून सील केला. वहीचं पान मात्र त्यांनी तीनदा वाचलं. "हा गळा मोकळा केलेल्या बाई कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

"जिवंत आहात?"

"दिसत नाही का?"

तेवढ्यात साहेब आले. हळूहळू, एका बाजूला कलून, बिघडलेल्या तराजूसारखे. मी डोळ्यांनी विनवलं: साहेब, एक शब्द बोला! मी तुमच्यासाठी इथे खुनी ठरतोय!

"साहेब, तुमचा काटा काढायचा कट होता," हवालदार म्हणाले. "तुम्हाला काही कल्पना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग जमलेल्या पस्तीस माणसांकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या मनात तराजू हलला आणि पारडं झुकलं.

"यांना मी ओळखतो," ते म्हणाले. "पण कुठल्याही काट्याविषयी मला काहीही माहीत नाही."

एकवीस वर्षं!

"मग जबाब द्या," हवालदार म्हणाले आणि मोठ्या आदबीनं त्यांनी साहेबांच्या मागे खुर्ची सरकवली. "बसा साहेब."

माणसाला कुणी आदरानं खुर्ची दिली की तो बसतो. अधिकाऱ्याला तर ती सवयच असते. साहेब बसले.

त्यानंतर जो आवाज आला त्याची नोंद करता येत नाही. समोरच्या रस्त्यावर एक स्कूटर थांबली. साहेब खुर्चीतून सरळ वर गेले आणि दोन्ही हात मागे धरून उभे राहिले, आणि हवालदारांपासून तराजूवर शिक्का मारून घ्यायला आलेल्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना काटा कुठला आणि कुठे, हे एकदम समजलं.

"हाच!" मी म्हणालो. "हाच काटा! चाकू द्या, त्याला चिमटा आहे!"

"मुद्देमाल आहे," हवालदार म्हणाले. "सील झालाय. वरच्या हुकमाशिवाय फोडता येणार नाही."

"अहो, पण..."

"नियम म्हणजे नियम."

बाईंनी रजिस्टर खाली ठेवलं आणि एका फायलीची टाचणी काढली. "चला साहेब केबिनमध्ये. दोन मुलं वाढवलीत मी, लाजायचं कारण नाही. फौजी, दारात उभे राहा."

दोन मिनिटं लागली. साहेब ओरडले नाहीत.

शुक्रवारी शिफारस गेली. बाईंच्या नावाची. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं होतं: 'हात स्थिर, बोलणे कमी, लेखी त्याहून कमी.' माझा चाकू अजून पोलीस ठाण्यात आहे. बायकोला ती जागा योग्य वाटते. मेहुणा म्हणतो, अर्ज करू, पण या वेळी मजकूर तो स्वतः लिहिणार आहे.

काटा बाईंनी पाकिटात घालून आवक रजिस्टरला चढवला, आणि आमचं खातं असल्यामुळे त्याआधी तो मोजला. चार मिलिमीटर भरला. टोकासकट.