आरोळीसकट

युनिव्हर्सिटीची अट साफ होती. रेकॉर्डिंग एका दमात झालं पाहिजे, त्याला कात्री लावायची नाही, आणि ते आज पाचच्या आत पोचलं पाहिजे. कम्युनिटी कॉलेजच्या हॉलमध्ये इत्सेल मांडीवर ट्यूबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, घेऊन बसली, तेव्हा चार वाजून गेले होते. इथलं शिक्षण संपत आलं होतं. पुढं युनिव्हर्सिटीनं घेतलं तर ठीक, नाहीतर पापांच्या बँडमध्ये लग्नं वाजवायची.

"लग्नात वाजवायला पदवी कशाला?" पापा सकाळीच म्हणाले होते. "नवरीनं कधी तुझी मार्कशीट मागितलीय?"

"मला लग्नं नाही वाजवायचीत."

"मग काय, मयतं वाजवणार?"

"आधी शिकणार. मग काय वाजवायचं ते मी ठरवणार!"

पियानोवर हागोपियनबाई होत्या. निवृत्त झाल्यापासून त्या दरवर्षी कॉलेजच्या बँडमध्ये नाव घालत. ट्रॉम्बोनवाले लिंडक्विस्टआजोबाही तसेच. ते खास ऐकायला आले होते.

"मी हूं की चूं करणार नाही," आजोबांनी वचन दिलं.

त्यांनी केलंही नाही. केलं ते त्यांच्या कानातल्या यंत्रानं. इत्सेल संथ भागाशी आली आणि यंत्र शिट्टी मारू लागलं.

"काढा ते कानातून!" बाई ओरडल्या.

यंत्र काढल्यावर आजोबांना काहीच ऐकू येईना. इत्सेलनं पुन्हा सुरुवात केली. ती अगदी हळुवार सुरात रंगली असतानाच आजोबांनी खणखणीत आवाजात विचारलं, "अजून सुरू नाही केलं का हिनं?"

बाईंनी त्यांना हाताला धरून दाराबाहेर उभं केलं आणि कुणालाही आत सोडू नका, असं खुणांनी बजावलं. आजोबा छाती काढून पहाऱ्याला उभे राहिले. आत इत्सेलनं तिसऱ्यांदा सुरुवात केली. इत्सेलला एका लग्नाला न्यायला पापा जरीचं जाकीट घालून आले आणि आजोबांच्या पाठीमागून आत शिरले. पहारेकऱ्याला पत्ताच नव्हता.

पापा मागच्या भिंतीशी थबकले. पोरीचा ट्यूबा त्यांनी आजवर फक्त ठेक्यासाठी ऐकला होता. आज तो गात होता. शेवटची तान खोलातून वर चढली. त्यांच्या बँडमध्ये अशा जागी गप्प बसणं म्हणजे वाजवणाऱ्याचा अपमान.

"आ-हा-हाऽऽय!"

हॉल दणाणला. इत्सेलनं शेवटचा सूर तरीही पुरा धरला.

"पोरी, मुद्दाम नाही केलं गं," टोपी हातात घेऊन पापा म्हणाले. "घशातून आपोआप आलं. तेवढं कापून टाक ना."

"कापायचं नाही, पापा."

पाचला थोडाच वेळ होता, आणि यानंतर हॉल ज्यांना द्यायचा होता ते लोक दाराशी आजोबांशी हुज्जत घालत होते.

"नको पाठवूस," बाई म्हणाल्या. "हसतील तुला."

"हसू देत. माझ्या वाजवण्यात काही चुकलं?"

बाईंनी विचार केला. "नाही."

"मग घ्यायचं तर आरोळीसकट घ्या म्हणावं!" आणि तिनं रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

काही आठवड्यांनी उत्तर आलं ते तिनं जेवणाच्या टेबलावरच मोठ्यांदा वाचलं. तिला प्रत्यक्ष वाजवून दाखवायला बोलावलं होतं. खाली एक ओळ होती: ओरडणाऱ्या सद्गृहस्थांनी कृपया हॉलच्या बाहेर थांबावं.

पापांचा घास हातातच राहिला. मग ते उठले, कपाटातून जरीचं जाकीट काढलं आणि झटकत म्हणाले,

"बाहेर म्हणजे नेमकं किती बाहेर?"