यादीतला सातवा दोष

सकाळी साडेनऊला गिऱ्हाईक आलं आणि पावणेदहाला गाडीचा हॉर्न वाजला. तिथून सगळं बिनसलं.

गाडी मुद्रितशोधकाची. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, त्यामुळे स्वतःच्या गाडीचे दोष झाकणं त्याला जमेना. एकोणीस दोषांची क्रमवार यादी टाइप करून त्याने सोमवारीच काचेवर चिकटवली होती. दोष पहिला: हॉर्न वाजत नाही. उद्या घर बदलायचं होतं, नव्या जागेत गाडी लावायची सोय नव्हती. आज विकली गेली नाही, तर दुपारनंतर भंगारवाला ओढून नेणार होता.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त घड्याळजी. त्याने हॉर्न पुन्हा दाबला. पुन्हा वाजला.

"साहेब, हे काय?"

"सोमवारपर्यंत मुका होता हो. शपथेवर सांगतो."

घड्याळजीने पेन्सिल काढली. दोन, डावं दार आतून उघडत नाही. उघडलं. तीन, वायपर अर्ध्यावर अडकतो. तो काच पुसून मुकाट्याने जागेवर परतला. प्रत्येक फुलीसरशी घड्याळजीचा चेहरा उतरत गेला.

"एकोणीस वाचले म्हणून आलो. घरी बसून हात आखडलेत माझे. धडधाकट गाडी घेऊन मी करू काय?"

"चौथा बघा ना," मुद्रितशोधक अजीजीने म्हणाला. "चौथा नक्की असेल."

चौथा नव्हता. पाचवा, सहावाही नव्हता. सातवा मात्र निघाला: गाडी तापली की बंद पडते. पडली. मुद्रितशोधकाचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात त्याची बायको जिन्यावरून उतरली. हातात स्क्रूड्रायव्हर.

"अगं, हे सगळं तू केलंस?"

"मग कोण करणार? वीस वर्षं या घरात तुम्ही यादी चिकटवता आणि मी ती संपवते. मी कधी विचारलंय, कशाची आहे म्हणून?"

मुद्रितशोधक काचेवरची यादी पहिल्यापासून वाचू लागला. घड्याळजीला मात्र वेगळंच कुतूहल.

"वहिनी, दार कशाने उघडलंत?"

"उलथन्याने."

"दाखवा बरं."

दीड वाजता भंगारवाल्याचा फोन आला, निघालोय म्हणून. तेव्हा बॉनेट उघडं होतं, दोन डोकी आत होती, सौद्याचं नाव कोणी काढलं नव्हतं, आणि सातवा दोष अजून शाबूत होता.