लटारीभाऊ आणि पिवळी क्रोटनं

लटारीभाऊ माणसाला रामराम करण्याआधी त्याच्या दारातल्या झाडाची पानं उलटी करून बघायचे. अहेरीकडच्या एका सरकारी बंगल्याचे ते माळी, आणि मी तिथला नवा कारकून.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. "खालचं जुनं पान पिवळं पडलं त झाड भुकेलं हाय, शेणखत द्या. कडा जळल्या त राख द्या. पन वरचं कोवळं पान पिवळं अन् शिरा हिरव्या, त बाबू, मले भेव वाटते. झाडाले लोह भेटून नाई राह्यलं." आवारात वाघाचे ठसे दिसले तर हा माणूस ते झाडून कामाला लागे. असं पान दिसलं की मात्र जेवत नसे.

साहेबांचा दौरा ठरला. दौरा म्हटला की आमच्याकडे चुना: दगडांना, बुंध्यांना, कुंड्यांना. लटारीभाऊ बाजाराला गेले होते. मी अतिशहाणा, मुंग्या मरतील म्हणून उरलेली बादली क्रोटनच्या कुंड्यांत ओतली.

पंधरवड्यात कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लटारीभाऊंनी माती बोटांत चोळली आणि माझ्याकडे पाहिलं. "चुन्यानं लोह बांधून ठेवलं, बाबू."

त्यांनी माती बदलली, शाईसाठी आणलेलं लोहाचं मीठ, हिराकस, पाण्यात कालवून घातलं. पण पानं काही दौऱ्याची तारीख बघून हिरवी होत नाहीत. याच साहेबांनी मागच्या खेपेला एका चौकीदाराला उभ्याउभ्या काढलं होतं. माझी नोकरी कच्ची, बायको नुकती बाळंत झालेली. भीतीनं दोन दिवस घास उतरला नाही.

साहेब तडक क्रोटनपाशी थांबले. काठीनं कुंडी उकरली, तर तळाशी उरलेले पांढरे खडे वर आले. "ये चूना किसने डाला?"

मी हातातली फाईल चाळू लागलो.

"म्या टाकला, साहेब," लटारीभाऊ म्हणाले.

त्यांना काढल्याचा हुकूम मीच लिहिला. मग त्यांच्या खोलीवर गेलो. ते वळकटी बांधत होते.

"भाऊ, असं काऊन केलंत? मी साहेबांना खरं सांगतो."

"नका सांगू. तुमच्या घरी लेकरू हाय. माही चूल इझली त कोनाले समजनार बी नाई."

सांगतो म्हटलं खरं, पण माझा पाय उचलला नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती.

त्यांनी बांधलेली वळकटी सोडली, तिच्यातली सतरंजी माझ्यासाठी अंथरली.

"बसा ना बाबू घडीभर. एवढ्या वर्सांत या खोलीवर कोनी आलंच नाई."