उकिरड्याचा सव्वा महिना

रोहण्याच्या बाजारातून टांगा निघाला की त्याच्यामागे टोपलं घेऊन एक साठीचा माणूस पळायचा. टांग्यात बसायला नव्हे; घोडा लीद टाकेल या आशेने. ते वडनेरहून एकटे येऊन राहिलेले आमचे शेजारी किसनजी. पळोत बापडे, माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती लीद येऊन पडायची माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

त्या हिवाळ्यात त्यांची कोंबडी मुंगसाने मारली. मागे अंड्यातून नुकती निघालेली पिलं उरली. गावात वीज नव्हती. शहाण्या माणसाने पिलांजवळ कंदील ठेवला असता. मी तसं सुचवलंही. "कंदील विझते भाऊ, उकंडा विझत नाई," किसनजी म्हणाले. उकंडा म्हणजे आपला उकिरडा. त्यांनी लीद, शेण आणि तुरीचं ओलं कुटार, म्हणजे भुसकट, यांचा छातीएवढा ढीग रचला, त्याच्या पोटात फुटका रांजण आडवा बसवला, आत कापूस अंथरला आणि पिलं सोडली. कुजणाऱ्या ढिगाला आतून ऊब सुटते, हे खरं. वासही सुटतो, हे ते कोणाला सांगत नसत.

वर पथ्यं. ढिगाशी मोठ्याने बोलायचं नाही. पायताण घालून जवळ यायचं नाही. उकंडा बाळंतीण आहे, तिला सव्वा महिना कोणी हलवायचं नाही, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ खांद्यापर्यंत हात ढिगात घालून ते ऊब पाहायचे आणि त्याच हाताने मला रामराम करायचे. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. या उकिरड्याचा आठवड्यातच फिटला. पांग राहिला तो माझा.

अशात माझ्या कुसुमला पाहायला आर्वीचे पाहुणे यायचे ठरले. आधीचं एक स्थळ हातचं गेलेलं. नाकाला पदर लावून बसलेली मुलाची आई मला जागेपणीही दिसू लागली. दोन दिवस तरी ढीग हलवा म्हणून मी हात जोडले, मग भांडलो. व्यर्थ. पाहुणे येणार त्या सकाळी मी फावडं घेऊनच गेलो. पायताणही मुद्दाम काढलं नाही.

किसनजी ढिगाला पाठ लावून बसले होते. उठले नाहीत.

"बाळंतीण अशी उठवत नसतात, भाऊ," ते म्हणाले. "म्या उठवलती. कापूस फुटला होता, वेचाले मजूर भेटत नवते. तिचा सव्वा महिना झाला नवता. अशाच हिवात नेलं तिले वावरात. मंग ती बी राह्यली नाई, अन् पोरगी बी नाई."

रांजणात चिवचिव चालू होती. या माणसाने लग्नच केलं नाही, असं आम्ही सारे इतकी वर्षं धरून चाललो होतो. फावडं परत नेताना मला राग येतच होता. कोणाचा, ते कळेना.

पाहुणे आले. चहा घेता घेता मुलाच्या आईने व्हायचं तेच केलं. पदर नाकाला लावला आणि भिंतीपलीकडे काय आहे म्हणून विचारलं.

"शेजारी बाळंतीण आहे," मी म्हणालो.

बाईंनी पदर खाली घेतला आणि आपल्या माणसांकडे वळल्या.

"मंग हळू बोला नं," त्या म्हणाल्या.